बाळाच्या वरच्या अन्नाची भांडी: पुरणयंत्र, स्टीलची वाटी आणि पाकिटांना दिलेला फाटा

बाळाला वरचे अन्न सुरू करायचे म्हणून आमच्या घरात ज्या वस्तू आल्या, त्यांत सर्वांत उपयोगी ठरली ती स्टीलचे पुरणयंत्र, आणि ते आम्ही बाळांच्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले नव्हते. हा अभिप्राय मुख्यतः त्या पुरणयंत्राविषयी आणि त्याच्या जोडीने घेतलेल्या वाट्या, चमचे, लाळेरी व डबे यांच्याविषयी आहे. माझी मुलगी आता वर्षाची होऊन गेली आहे आणि घरच्या ताटातले बहुतेक सगळे खाते, त्यामुळे यातली कोणती वस्तू टिकली आणि कोणती कपाटात पडून राहिली हे आता खात्रीने सांगता येते. खरेदी करताना आम्ही एक गोष्ट ठरवली होती, की या काळात घरातून बाहेर जाणारा प्लॅस्टिकचा कचरा जमेल तितका कमी ठेवायचा, पण त्यापायी बाळाच्या पोषणात काही उणे पडू द्यायचे नाही.

प्लॅस्टिक कमी करायचे म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी रंगीत ताटली-वाटीकडे जाते. परंतु वाटी एकदा घेतली की वर्षभर पुरते. रोजच्या रोज कचऱ्याच्या डब्यात जाते ते तयार अन्नाचे वेष्टन. तयार खिमटीच्या खोक्याच्या आत ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी असते, फळांच्या गराची तोटी आणि टोपण असलेली पाकिटे असतात, आणि दात येताना चघळायला द्यायच्या बिस्किटांना एकेकटे गुंडाळलेले असते. अशा पाकिटात पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पॉलिथिन असे वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात; ओलावा, हवा आणि प्रकाश आत जाऊ नयेत म्हणून ते आवश्यकच असतात, पण वापर झाल्यावर ते सुटे करता येत नाहीत. त्यामुळे त्यांना भंगारात भाव मिळत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरी येऊन कचरा नेतात आणि सुक्या कचऱ्यातून विकता येण्याजोगा माल वेगळा काढून त्यावर कमाई करतात. दुधाची धुतलेली पिशवी, बाटली, पुठ्ठा यांचे त्यांना पैसे मिळतात. आतून खिमटी चिकटलेल्या चंदेरी पाकिटाचे मिळत नाहीत, उलट ते हाताळण्याचा त्रास तेवढा त्यांच्या वाट्याला येतो.

कायद्याचाही येथे फारसा आधार नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, नळ्या यांवर देशभर बंदी आणली. पण कारखान्यात भरलेल्या अन्नाची बहुस्तरीय पाकिटे केंद्राच्या त्या यादीत नाहीत. म्हणजे ती घरात आणायची की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते. आम्ही ती शक्यतो आणायची नाहीत असे ठरवले आणि मग साहजिकच प्रश्न आला, की घरचे अन्न बाळाला गिळता येईल इतके मऊ रोज कशाने करायचे?

त्याचे उत्तर आमच्या सासूबाईंनी माळ्यावरून काढून दिले. त्यांचे जुने पुरणयंत्र पत्र्याचे होते आणि त्याचा कल्हईसारखा मुलामा उडाला होता, म्हणून आम्ही तुळशीबागेत जाऊन त्याच घडणीचे नवे स्टीलचे घेतले. हजार रुपयांच्या आत चांगले मिळते. शंकूच्या आकाराचे भांडे, तळाला बसवायच्या लहान, मध्यम आणि मोठ्या भोकांच्या तीन चकत्या, मधून जाणारा दांडा आणि त्याला जोडलेले तिरपे पाते अशी त्याची रचना असते. खाली तीन पाय असतात ते पातेल्याच्या काठावर टेकतात. शिजवलेला लाल भोपळा, गाजर, रताळे, सालासकट वाफवलेले सफरचंद, मुगाची डाळ किंवा मऊ भात यांत घालून मूठ फिरवली की पाते पदार्थाला चकतीवर दाबते आणि खाली पातेल्यात गर पडतो. सफरचंदाची साल, भोपळ्याचे दोरे आणि चुकून राहिलेली मटारची टरफले वरच अडकून राहतात. दर थोड्या वेळाने मूठ उलटी फिरवली की चकतीला चिकटलेला चोथा सुटतो आणि काम पुन्हा हलके होते.

मिक्सरपेक्षा हे यंत्र मला का पसंत पडले, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ज्यांच्या घरी मिक्सर आहे ते आणखी एक वस्तू कशाला, असे विचारतील. पहिले कारण प्रमाणाचे आहे. सहा महिन्यांच्या बाळाला सुरुवातीला दोन-तीन चमचे अन्न लागते. मिक्सरच्या सर्वांत लहान भांड्यातही एवढेसे अन्न पात्यांच्या खाली पसरून बसते, मग त्यात पाणी वाढवावे लागते आणि अन्न पातळ होते. पुरणयंत्रात अर्धे गाजरही नीट निघते. दुसरे कारण पोताचे आहे. मिक्सरमध्ये बटाटा किंवा रताळे फिरवले की त्यातील पिष्ट (स्टार्च) बाहेर येऊन गर डिंकासारखा चिकट होतो. पुरणयंत्रात तो दाबला जातो, घोटला जात नाही, म्हणून मोकळा राहतो. तिसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सहा महिने पूर्ण झाल्यावर घोटलेले, कुस्करलेले अन्न सुरू करावे, आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला हातात धरून खाता येतील असे मऊ तुकडे द्यावेत आणि बारा महिन्यांपर्यंत त्याने घरातल्यांसारखे अन्न खावे. पुरणयंत्राच्या तीन चकत्या या वाटचालीला नेमक्या जुळतात. पहिले काही आठवडे बारीक चकती, मग मधली, मग मोठ्या भोकांची, आणि त्यानंतर नुसता काटा किंवा हात. एकाच गुळगुळीत पोताच्या तयार गराची सवय लागलेले बाळ पुढे कणीदार अन्न थुंकून टाकते, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते; आमच्याकडे ती वेळ आली नाही.

यंत्रात उणिवाही आहेत. काम झाल्याबरोबर धुतले नाही तर चकतीच्या बारीक भोकांत डाळ वाळून बसते आणि मग ती काढायला दात घासायचा जुना ब्रशच लागतो. आमच्या यंत्राचे भांडे आणि चकत्या स्टीलच्या आहेत, पण दांड्याच्या टोकाचा नट साध्या लोखंडाचा निघाला आणि पावसाळ्यात त्यावर गंज दिसू लागला. दुकानदाराने तो विनातक्रार बदलून दिला. घेताना हा नट आणि पात्याचा जोड उलटवून पाहावा. मुठीला प्लॅस्टिकचे बोंड असते, तेही टाळायचे असल्यास लाकडी बोंडाचे मिळते, मात्र ते पाण्यात भिजत ठेवू नये. मांसाहारी घरांत शिजवलेले मासे काढायला हे यंत्र सोयीचे आहे असे वाटेल, पण काटे भोकांतून निसटू शकतात, म्हणून मासा हातानेच निवडावा.

आता वाट्यांविषयी. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांत लहान मुलांच्या वाट्या वेगळ्या मागाव्या लागत नाहीत. मेतकूट किंवा चटणीसाठी असतात त्या लहान, बसक्या वाट्याच बाळाला योग्य होतात. निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. काठ आत किंवा बाहेर वळवलेला असावा, कारण कापलेला काठ बाळ तोंडात घालते तेव्हा ओठाला लागतो. बुड सपाट आणि थोडे जड असावे. आणि स्टील कोणत्या प्रतीचे आहे हे दुकानदाराला विचारावे. भांड्यांसाठी चांगले समजले जाणारे ३०४ प्रतीचे स्टील म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले. स्वस्त भांड्यांत २०० मालिकेचे स्टील असते, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते आणि ते आंबट, खारट पदार्थांनी लवकर डागाळते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे सर्रास सांगितले जाते, परंतु २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नये. २०२४ साली केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना भारतीय मानक १४७५६ प्रमाणे आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला आहे. तळाशी ते चिन्ह आहे का, हे पाहणे चुंबकापेक्षा भरवशाचे.

दुकानातच विजेच्या लेखणीने वाटीवर मुलीचे नाव घालून घेतले. बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी उमटलेली ती अक्षरे वाटीच्या बाहेरच्या बाजूला आहेत, आतल्या बाजूला घालू देऊ नयेत, कारण त्या खाचांत अन्न राहते. पाळणाघरात दहा मुलांच्या वाट्या एका टबात धुतल्या जातात तेव्हा या नावाचा फार उपयोग होतो. चिकटवायची प्लॅस्टिकची नावपट्टी दोन धुण्यांत निघते.

स्टीलच्या वाटीची खरी अडचण एकच: ती लगेच तापते. गरम खिमटी वाढून बाळापुढे ठेवली आणि त्याने वाटीला हात लावला तर चटका बसू शकतो. दुहेरी भिंतीच्या वाट्या मिळतात, त्या बाहेरून गरम लागत नाहीत, पण त्यांच्या जोडात पाणी शिरले की ते बाहेर येत नाही आणि हलवल्यावर आत खळखळते. आम्ही साधी वाटीच ठेवली आणि अन्न ताटलीत पसरून कोमट झाल्यावर वाटीत घेण्याची पद्धत ठेवली. जमिनीला चिकटून बसणारे सिलिकॉनचे बूड असलेली स्टीलची वाटीही आम्ही ऑनलाइन मागवली होती. कडाप्प्यावर आणि गुळगुळीत फरशीवर ते बूड घट्ट बसते, लाकडी चौरंगावर अजिबात बसत नाही, आणि दहाव्या महिन्यात मुलीला कडेने नख घालून ते सोडवण्याची युक्ती सापडली. त्यानंतर आम्ही बूड काढून ठेवले. वाटी मात्र अजून वापरात आहे. बूड आणि वाटी वेगळे होणारेच घ्यावे, म्हणजे सिलिकॉन निकामी झाले तरी वाटी वाया जात नाही.

उष्टावणाला मामाने दिलेली चांदीची वाटी आणि चमचा बहुतेक घरांत दिवाणखान्याच्या कपाटात जातात. माझे मत आहे की ती रोज वापरावीत. चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे; अंड्याचा पिवळा बलक चांदीच्या वाटीत दिला तर ती लवकर काळवंडते, म्हणून अंडे तेवढे स्टीलमध्ये द्यावे. रांगोळीने किंवा कसल्याही भुकटीने तिला घासण्याची गरज नाही, मऊ फडके आणि साबण पुरतो. कांस्याची वाटीही चांगली, तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची ही वाटी गोड खिरीला आणि मऊ भाताला योग्य आहे. पितळेची वाटी मात्र कल्हई नसेल तर बाळासाठी वापरू नये. ताक, टोमॅटोचे सार किंवा लिंबू पिळलेले वरण तिच्यात कळकते. पाणी पाजण्यासाठी आम्ही बोंडले, म्हणजे चोचीचे लहान भांडे, वापरले, आणि त्यातून थोडे सांडत असले तरी झाकणाला नळी आणि झडप असलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांपेक्षा ते धुवायला फार सोपे आहे. बाटलीपेक्षा उघड्या पेल्याने पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ हेही सांगतात.

चमच्यांमध्ये सिलिकॉनच्या टोकाचा एक चमचा सुरुवातीला हिरड्यांना मऊ म्हणून घेतला होता. पहिले महिने तो बरा वाटला. वरचे दात आल्यावर त्याच्या टोकाला चाव्याच्या खुणा पडल्या आणि एक बारीक तुकडा लोंबू लागला तेव्हा तो त्याच दिवशी काढून टाकला. साध्या स्टीलच्या लहान चमच्याने, खोलगटपणा कमी असलेला निवडल्यास, पहिल्या दिवसापासून भरवता येते. वरचा ओठ चमच्यावरून अन्न सहज ओढून घेऊ शकेल इतका तो उथळ असला की पुरे.

सिलिकॉन हे प्लॅस्टिकला पर्याय म्हणून विकले जाते, त्याविषयी येथेच लिहिते. ते उष्णता चांगली सोसते, तडकत नाही आणि जपल्यास काही वर्षे टिकते, एवढे त्याच्या बाजूने आहे. पण ते मातीत कुजत नाही आणि आपल्याकडचा भंगारवाला ते घेत नाही, म्हणून ते जितके कमी आणि जितके जास्त दिवस वापरले जाईल तितके बरे. सिलिकॉनचे, पुढे खिसा असलेले लाळेरे आम्ही एकच घेतले आणि ते पैसे वसूल करणारे ठरले, कारण हाताने खायला लागल्यावर निम्मे अन्न त्या खिशात पडते आणि तेथून पुन्हा उचलून खाता येते. हळदीने ते पिवळे झाले. धुऊन थेट उन्हात ठेवल्यावर तो पिवळेपणा दोन-तीन दिवसांत बराच उतरला, कारण हळदीतला रंग उन्हाने विटतो. हीच गोष्ट कापडी लाळेऱ्यांवरच्या वरणाच्या डागांनाही लागू आहे. बाकी सगळी लाळेरी आईने जुन्या सुती साडीची, दुहेरी घडीची शिवून दिली. मागे प्लॅस्टिकचा थर लावलेली तयार लाळेरी घेऊ नयेत. गरम पाण्यात धुतल्यावर तो थर सोलपटून निघतो आणि मग ते ना कापडात जमा ना प्लॅस्टिकमध्ये.

पर्यावरणपूरक म्हणून मागवलेला एक संच मात्र मी परत केला. बांबूची ताटली, वाटी, पेला असे त्याचे वर्णन होते. पार्सल उघडले तेव्हा प्रत्येक नग हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये, त्यावर आणखी एक पारदर्शक पिशवी, आणि ताटलीच्या मागे अगदी लहान अक्षरांत बांबूची भुकटी व मेलामाइन असे लिहिलेले. बांबूची भुकटी मेलामाइनच्या राळेत मिसळून साच्यात दाबलेली अशी भांडी म्हणजे मुळात प्लॅस्टिकच आहे. गरम आणि आंबट पदार्थांच्या संपर्कात त्यातून मेलामाइन आणि फॉर्मॅल्डिहाइड अन्नात उतरू शकते, आणि युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कातील प्लॅस्टिकमध्ये बांबूची भुकटी मिसळायला परवानगी नसल्याचे सांगून २०२१ साली अशा वस्तू बाजारातून काढण्याची मोहीम हाती घेतली. खऱ्या बांबूच्या किंवा लाकडाच्या भांड्यावर धाग्यांची रेघ दिसते, प्रत्येक नग थोडा वेगळा असतो; एकसारख्या फिकट रंगाची, कडा अगदी गोल आणि वजनाला हलकी वस्तू दिसली की मागची बारीक अक्षरे वाचावीत. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण वर्णन बदललेले मला अजून दिसलेले नाही.

प्लॅस्टिक आणि उष्णता यांचा संबंध फक्त कचऱ्यापुरता नाही, म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की पॉलिप्रॉपिलिनच्या दुधाच्या बाटल्यांत गरम पाण्याने दूध तयार करताना प्रत्येक लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण सुटू शकतात, आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक. अमेरिकेतील नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या २०२३ सालच्या अभ्यासात बाळांच्या अन्नाचे प्लॅस्टिकचे डबे आणि पुन्हा वापरायची पाकिटे मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटे तापवली, तेव्हा काही डब्यांच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण आणि २११ कोटींपर्यंत त्याहून बारीक कण सुटलेले आढळले. या कणांचा बाळाच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचे संशोधन चालू आहे, परंतु गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये न घालणे आणि प्लॅस्टिक न तापवणे यासाठी त्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्याकडे अन्न कोमट करायचे ते वाटी गरम पाण्यात ठेवून.

पाकिटे बंद करायची तर सत्त्व घरात हवे. नाचणी रात्रभर भिजवून, पाणी काढून सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवली की हवेप्रमाणे एक-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड येतात. ती सावलीत वाळवून, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, दळून वस्त्रगाळ करायची. मोड आणण्याचा फायदा केवळ पचनाचा नाही. मोड येताना धान्यात जे विकर (एन्झाइम) तयार होते ते पिष्टाचे तुकडे करते, त्यामुळे त्या पिठाची खिमटी कमी घट्ट होते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजेच अधिक ऊर्जा, बाळाच्या पोटात जाते. लहान पोटाच्या बाळासाठी ही मोठी गोष्ट आहे. दळणासाठी आम्ही स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन शेजारच्या गिरणीत जातो. गहू दळून झाल्याबरोबर आपली नाचणी घालू नये, गिरणीवाल्यांना आधी विचारावे आणि सुरुवातीची मूठभर पिठाची भुकटी बाजूला काढावी. आमचे गिरणीवाले काका हे न सांगता करतात आणि त्यांच्या सेवेला माझ्याकडून पूर्ण गुण. एवढा वेळ नसलेल्यांसाठी बचत गटांच्या महिला मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व विकतात. आमच्या भागातील एका गटाकडून मी ते दोनदा घेतले. दर्जा चांगला होता, पीठ ताजे आणि मऊ होते, पण ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होते. पुढच्या वेळी आपला डबा आधी पाठवला तर त्यात भरून द्याल का, असे विचारले, तेव्हा ताईंनी लगेच होकार दिला आणि आता त्या आमच्यासाठी तसेच भरतात. सगळ्यांनी विचारून पाहावे. पावसाळ्यात हे पीठ महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधातून मिळणारे लोह पुरत नाही, आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर असले तरी केवळ नाचणी आणि भाताच्या पेजेवर ती गरज भागत नाही. डाळी, अंडे, मांसाहार असल्यास मासे आणि चिकन, हिरव्या भाज्या, आणि त्यांतले लोह अंगी लागावे म्हणून जोडीला लिंबाचे चार थेंब किंवा आवळा हे सगळे ताटात यावे लागते. बाळाचे वजन वाढत नसेल, ते वेळेआधी जन्मलेले असेल किंवा डॉक्टरांनी लोहयुक्त तयार अन्न सुचवले असेल तर ते पाकीट निःशंकपणे आणावे. कोणत्याही आईने पाकीट फोडताना अपराधी वाटून घेऊ नये. त्याच वेळी, दुकानातील फळीवर जे दिसते ते सगळे गरजेचे असते असेही नाही. आपल्या देशात १९९२ चा आणि २००३ साली दुरुस्त केलेला कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायलाच मनाई करतो, आणि तो का केला गेला याचा विचार प्रत्येक घराने करावा.

बाहेर जाताना पाकिटांचा मोह सर्वांत जास्त होतो. प्रवासासाठी केळ्यासारखे दुसरे अन्न नाही. सोलले, चमच्याने खरवडले, भरवले. लांबच्या रेल्वे प्रवासात आम्ही थर्मासमध्ये गरम पाणी आणि स्टीलच्या दोन कप्प्यांच्या डब्यात भाजलेले सत्त्व व मेतकूट-भाताचे भाजलेले पीठ घेऊन गेलो, आणि लागेल तेव्हा वाटीत कालवले. डब्याच्या झाकणाला सिलिकॉनचे कडे असलेला घ्यावा, ते कडे काढून धुता येते की नाही हे दुकानातच पाहावे, कारण न निघणाऱ्या कड्याखाली दुधाचा अंश साचून वास येतो. तोंड पुसायला ओल्या पुसण्यांची पाकिटे येतात. त्यांतल्या पुष्कळ पुसण्या पॉलिएस्टर मिसळून केलेल्या असतात. मलमलचे हातरुमाल, त्यातले काही ओले करून एका लहान डब्यात ठेवलेले, हे काम उत्तम करतात. आमच्या पाळणाघराने सुरुवातीला अशा पुसण्या आणि एकदाच वापरायचे चमचे पाठवण्याचा आग्रह धरला होता, धुण्याची जबाबदारी नको म्हणून. वापरलेला रुमाल आणि चमचा न धुता वेगळ्या डब्यात परत पाठवा, आम्ही घरी धुऊ, असे सांगितल्यावर त्यांची हरकत राहिली नाही, आणि आता तेथील आणखी काही पालक तसेच करतात.

राहता राहिली जेवणाची उंच खुर्ची. नवी प्लॅस्टिकची खुर्ची घेण्याऐवजी आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाकडून वापरलेली घेतली, आणि वर्षभराने ती पुढच्या घरी जाईल. जुनी खुर्ची घेताना कमरेचा पट्टा, त्याचे बक्कल आणि पायांचे खटके नीट बसतात का हे पाहावे, पुढचा ट्रे सुटा करून त्याच्या खाचा गरम पाण्याने घासाव्यात, आणि पट्टा झिजलेला असेल तर पिशव्या शिवणाऱ्या कारागिराकडून सुती निवारीचा नवा लावून घ्यावा. आम्हाला त्याने तासाभरात लावून दिला, आणि दोन्ही बाजूंना दुहेरी टाके घालायला सांगावे लागले नाहीत.